लिफ्ट द्यावी की देऊ नये? परभणी जिल्ह्यातील वाहनचालकांनी जाणून घ्यावे असे काही

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही फाट्यावर सकाळच्या वेळी दोन-चार माणसे हमखास उभी दिसतात. येणाऱ्या दुचाकीला, जीपला, रिकाम्या टेम्पोला ती हात करतात. काही वाहने थांबतात, बरीचशी निघून जातात. थांबणाऱ्या चालकाला आपण नेमकी कोणती जबाबदारी अंगावर घेत आहोत, याची बहुधा कल्पना नसते. न थांबणाऱ्याला लुटमारीच्या बातम्या आठवत असतात. लिफ्ट देण्याचा प्रश्न आपल्याकडे मनाच्या मोठेपणाचा किंवा भीतीचा समजला जातो. प्रत्यक्षात तो कायद्याचा आणि त्याहूनही अधिक विम्याचा प्रश्न आहे; आणि हीच बाजू सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे.

फाट्यापासून गावापर्यंत

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम असे नऊ तालुके राहिले. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग सेलू, मानवत रोड, परभणी व पूर्णा या स्थानकांवरून जातो, तर परळीकडे जाणारा फाटा गंगाखेडला स्पर्श करतो. जिंतूर, पाथरी, पालम आणि सोनपेठ ही तालुक्याची गावे मात्र रेल्वेपासून दूर आहेत. मानवतचे स्थानकही गावापासून काही अंतरावर आहे. साहजिकच जिल्ह्याच्या मोठ्या भागाची भिस्त रस्त्यावर आणि एस. टी.वर आहे.

या भागातील सरकारी बससेवेचा इतिहास जुना आहे. परभणी ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, त्याच्या सोळा वर्षे आधीची ही गोष्ट. पुढे १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले आणि मराठवाड्याची वाहतूक त्यात आली. जिल्ह्यात परभणी, जिंतूर, गंगाखेड आणि पाथरी येथे एस. टी.ची आगारे आहेत.

तरीही बस बहुतेक वेळा फाट्यापर्यंतच सोबत करते. कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्गावर, परभणी-जिंतूर रस्त्यावर झरी-बोरीच्या आसपास, गंगाखेड रस्त्यावर दैठण्याजवळ किंवा वसमत रस्त्यावरील झिरो फाट्यावर उतरलेल्या माणसाचे गाव आणखी काही किलोमीटर आत असते. आतल्या रस्त्यावर दिवसातून एक-दोन फेऱ्या असल्या, तरी त्या चुकल्या की पायपीट नशिबी येते. काळी-पिवळी किंवा अॅपे रिक्षा मिळते. पण ती सीट भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की मर्यादेपलीकडे भरते. मे महिन्याच्या उन्हात पारा बेचाळीस अंशांपुढे गेलेला असताना डोक्यावर पिशवी घेऊन चालणाऱ्या वृद्धाला मागून येणारी मोटारसायकल हाच आधार असतो.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळलेल्या एस. टी. कर्मचाऱ्यांच्या संपात हे ठळकपणे दिसून आले. बस बंद पडल्यावर तालुक्याला जाणारे विद्यार्थी, दवाखान्यात जाणारे रुग्ण आणि बाजारकरी खासगी वाहनांवर अवलंबून राहिले. ज्यांना भाडे परवडले नाही, ते ओळखीच्या आणि अनोळखी चालकांच्या भरवशावर गेले. पूर्वी वाटेने चालणाऱ्याला बैलगाडीत बसवून घेण्यासाठी कोणी विचार करीत नसे. आजची लिफ्ट ही त्याच प्रथेची पुढची पायरी आहे. फक्त वेग वाढला आहे आणि त्याबरोबर जबाबदारीही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये खासगी वाहनातून कोणाला फुकट नेण्यास मनाई केलेली नाही. कायद्याचा आक्षेप आहे तो विनापरवाना प्रवासी वाहतुकीला. भाडे किंवा मोबदला घेऊन प्रवासी नेण्यासाठी वापरलेले वाहन हे ‘सार्वजनिक सेवा वाहन’ ठरते. अशा वाहनाला कलम ६६ नुसार परवाना लागतो. परवाना नसेल तर कलम १९२-अ लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाखाली पहिल्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे.

याचा अर्थ साधा आहे. फाट्यावरून बसवलेल्या माणसाने उतरताना ‘पेट्रोलला असू द्या’ म्हणून वीस रुपये पुढे केले आणि चालकाने ते खिशात घातले, तर लिफ्टचे भाडे होण्याचा धोका निर्माण होतो. नोट परत करणे हा केवळ सौजन्याचा भाग राहत नाही, तो चालकाच्या बचावाचाही भाग आहे.

पैसे न घेताही गैरसमज होऊ शकतो. जून २०१८ मध्ये नवी मुंबईतील ऐरोली येथे पावसात अडकलेल्या तिघा अनोळखी व्यक्तींना मोटारीत घेणाऱ्या चालकावर याच परवान्याच्या तरतुदींखाली कारवाई झाली. त्याला न्यायालयात जाऊन दंड भरावा लागला. त्या वेळी या प्रकरणाची देशभर चर्चा झाली. पोलिसांनी अडवल्यास, आपण मोबदला घेतलेला नाही हे बसलेल्या व्यक्तीकडूनच सांगितले जावे, इतकी काळजी चालकाने घेणे इष्ट.

दुचाकीसाठी नियम अधिक स्पष्ट आहेत. कलम १२८ प्रमाणे चालकाखेरीज एकालाच बसवता येते. ‘ट्रिपल सीट’ आढळल्यास कलम १९४-क अन्वये एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी चालविण्याचा परवाना अपात्र होण्याची तरतूद आहे. हेल्मेटची सक्ती मागे बसणाऱ्यालाही आहे. फाट्यावर उभा असलेला माणूस हेल्मेट घेऊन उभा नसतो, हे उघड आहे. त्यामुळे ग्रामीण भागातील दुचाकीवरची जवळपास प्रत्येक लिफ्ट या एका नियमाचा भंग करूनच दिली जाते. नेहमी एकाच वाटेने जाणाऱ्या शिक्षकांनी, आरोग्यसेवकांनी वा दूधवाल्यांनी डिकीत किंवा हुकाला जास्तीचे हेल्मेट ठेवले, तर हा प्रश्न बराच सुटतो.

खरा धोका विम्याचा

चोराची भीती सर्वांना वाटते. विम्याच्या कागदाची भीती कोणाला वाटत नाही. मात्र अपघात झाल्यावर घरदार उद्ध्वस्त होण्याची शक्यता या कागदातच दडलेली असते.

विम्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला ‘थर्ड पार्टी’ किंवा केवळ कायद्यापुरता विमा. तो प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे. दुसरा ‘पॅकेज’ किंवा सर्वसमावेशक विमा. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला धडक बसली, तर पहिल्या प्रकारचा विमाही भरपाई देतो. परंतु वाहनात फुकट बसलेली व्यक्ती ही ‘त्रयस्थ’ आहे काय, हा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला.

मालवाहू वाहनांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ‘न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी’ या प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट केले की, मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालासोबत असेल, तर गोष्ट वेगळी. दुचाकीवर मागे बसणाऱ्याविषयी २००६ मधील ‘तिलक सिंग’ आणि २००८ मधील ‘सुधाकरन’ या प्रकरणांत, केवळ कायद्यापुरत्या विम्यात त्याला संरक्षण नाही, असा निर्णय झाला. त्यानंतर विमा नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्ये परिपत्रक काढले. पॅकेज विम्यात खासगी मोटारीतील प्रवासी आणि दुचाकीवर मागे बसणारी व्यक्ती यांचा समावेश होतो, असा खुलासा त्यात करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयानेही ‘बालकृष्णन’ प्रकरणात हाच भेद मान्य केला.

थोडक्यात, मोटार किंवा दुचाकीला पॅकेज विमा असेल तर लिफ्ट घेणाऱ्याला संरक्षण आहे. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर ते गृहीत धरता येत नाही. टेम्पो, ट्रक, पिकअप अशा मालवाहू गाडीत फुकट बसलेल्याला तर नाहीच.

संरक्षण नसेल तर किती रक्कम अंगावर येऊ शकते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. अठ्ठावीस वर्षांचा, महिना बारा हजार रुपये मिळविणारा, पत्नी, दोन मुले आणि आई यांचा भार असलेला तरुण चालकाच्या चुकीमुळे झालेल्या अपघातात दगावला, असे समजा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ (सरला वर्मा) आणि २०१७ (प्रणय सेठी) च्या निकालांत ठरवून दिलेल्या रीतीने हिशेब असा होतो. वार्षिक उत्पन्न १,४४,००० रुपये. त्यात भावी वाढीचे चाळीस टक्के मिळवून २,०१,६०० रुपये. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा जाता १,५१,२०० रुपये. या रकमेला वयानुसार १७ ने गुणले की २५,७०,४०० रुपये होतात. अन्य किरकोळ रकमा आणि व्याज वेगळेच. काही प्रकरणांत न्यायालये विमा कंपनीला आधी रक्कम देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करण्यास सांगतात. त्यामुळे मृताच्या कुटुंबाला दिलासा मिळतो. वाहनमालकाची सुटका मात्र होत नाही. दोन-चार एकर कोरडवाहू जमीन असलेल्या शेतकऱ्यासाठी ही रक्कम म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव जाणे होय.

येथे आणखी एक बारकावा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घेणे बंधनकारक झाले. त्यामुळे ‘गाडीला पाच वर्षांचा विमा आहे’ असे मालक निर्धास्तपणे सांगतात. पाच वर्षांचा तो विमा थर्ड पार्टीचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग अनेकदा एका वर्षाचाच असतो आणि पुढे त्याचे नूतनीकरण केले जात नाही. मागे बसणाऱ्यास संरक्षण आहे काय, हे विमा प्रतिनिधीला विचारून पॉलिसीवर पाहून घ्यावे.

ट्रॅक्टरचे प्रकरण तर अधिकच गंभीर आहे. ट्रॅक्टर किंवा ट्रॉली प्रवाशांसाठी बनविलेली नसते. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळून वसमत तालुक्यातील गुंज येथील सात शेतमजूर महिलांचा मृत्यू झाला. त्या मजुरीवर निघाल्या होत्या, म्हणून हे लिफ्टचे उदाहरण नव्हे. परंतु परभणीच्या शेजारी घडलेल्या या घटनेने ट्रॉलीतला प्रवास किती जीवघेणा असतो, हे दाखवून दिले. ट्रॅक्टरच्या चाकावरील पत्र्यावर किंवा ट्रॉलीत कोणाला बसवण्यापेक्षा नकार देणे हीच खरी माणुसकी.

लुटीची भीती कोणाला अधिक?

‘लिफ्टच्या बहाण्याने लुटले’ हा मथळा वृत्तपत्रांत वारंवार येतो. बारकाईने वाचल्यास त्याचे दोन अर्थ निघतात. काही घटनांत लिफ्ट मागणारा चालकाला लुटतो. अन्य घटनांत लिफ्ट देणाराच बसलेल्या माणसाला लुटतो. गळ्यात पोत असलेली वृद्धा, बँकेतून रक्कम काढून निघालेला निवृत्त माणूस, बाजारात जनावर विकून परतणारा शेतकरी यांना ‘चला, सोडतो’ म्हणून गाडीवर घेणारे आणि आडवाटेला उतरवणारे असतात. ऑक्टोबर २००९ मध्ये पुण्यातील खराडी येथे कामावरून घरी निघालेल्या संगणक अभियंता तरुणीला वाहनात घेऊन तिच्यावर अत्याचार व तिची हत्या करण्यात आली. २०१७ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. चालक भीतीपोटी थांबत नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु वाहन कोठे न्यायचे हे चालकाच्या हाती असते, बसणाऱ्याच्या नव्हे. म्हणून धोक्याचा विचार दोन्ही बाजूंनी व्हायला हवा.

चालकाच्या दृष्टीने स्थळ आणि वेळ या दोन गोष्टी महत्त्वाच्या. बसथांबा, हॉटेल, दवाखाना, शाळा, बाजार अशा वर्दळीच्या ठिकाणी दिवसा उभ्या असलेल्या व्यक्तीला घेणे तुलनेने सुरक्षित. रात्री निर्जन रस्त्यावर आडवे लावलेले वाहन, रस्त्याकडेला एकटी दिसणारी आणि जवळ जाताच झुडपांतून बाहेर येणारी सोबत, अशी शंका आल्यास काच खाली न करता पुढे जावे आणि पुढच्या गावातून ११२ क्रमांकावर कळवावे. असे केल्याने खरोखर अडचणीत असलेल्यालाही मदत मिळते.

सामानाकडेही लक्ष असावे. बसणारा आपल्या मांडीवर ठेवू शकत नाही असे खोके किंवा पोते घेऊ नये. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. असा माल आपल्या वाहनात सापडला, तर तो आपला नव्हे हे सिद्ध करण्याची धावपळ चालकालाच करावी लागते.

स्त्रिया आणि मुले

दुचाकीवर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या स्त्रीचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकात अडकून झालेले अपघात ग्रामीण भागात नवे नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील नियम १२३ प्रमाणे दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी पकडायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे आवरण असणे आवश्यक आहे. अनेक तरुण शोभेसाठी हे आवरण काढून टाकतात. असे आवरण नसलेल्या गाडीवर साडी नेसलेल्या बाईला बसवूच नये. बसवल्यास पदर खोचून घ्यायला सांगावे आणि वेग चाळीसच्या खाली ठेवावा.

शाळकरी मुलांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत एस. टी. पास आणि मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बस यांची सोय आहे. तरी बस चुकलेली मुले रस्त्यावर हात करताना दिसतात. एकट्या, अनोळखी मुलाला घेण्याऐवजी त्याच्या शिक्षकांना किंवा पालकांना फोन लावून देणे बरे. मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेतून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच निरपराध भटक्यांचा जमावाने बळी घेतला. अफवेच्या दिवसांत चांगल्या हेतूने मुलाला गाडीवर घेणारा माणूसही अडचणीत येऊ शकतो.

जखमीला नेणे ही लिफ्ट नव्हे

अपघातातील जखमी, सर्पदंश झालेला शेतकरी, प्रसूतीच्या वेदना सुरू झालेली स्त्री यांच्याबाबत वरील हिशेब मांडत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. ती येण्यास वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने न्यावे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ कायद्यात आले. त्यानुसार अपघातग्रस्ताला सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. पोलीस त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करू शकत नाहीत. जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचविणाऱ्याला केंद्र सरकारतर्फे बक्षीसही दिले जाते. २०२१ मध्ये ते पाच हजार रुपये होते, २०२५ मध्ये पंचवीस हजार करण्यात आले.

इतर देशांनी काय केले?

पोलंडमध्ये १९५०च्या दशकाच्या अखेरीस लिफ्ट मागणाऱ्या प्रवाशांसाठी सरकारमान्य पुस्तिका निघाल्या. प्रवासी चालकाला त्यातील कुपन देई आणि कुपने जमविणाऱ्या चालकांना बक्षिसे मिळत. क्यूबात १९९०च्या दशकातील इंधनटंचाईत पिवळ्या गणवेशातील कर्मचारी रस्त्यावर उभे राहू लागले. रिकामी जागा असलेली सरकारी वाहने थांबवून, रांगेतील माणसांना ते क्रमाने बसवीत. जर्मनीच्या काही खेड्यांत गेल्या दशकापासून ‘लिफ्टचे बाक’ ठेवण्यात आले आहेत. बाकावर बसणे म्हणजेच लिफ्ट हवी असल्याची खूण. या तिन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. अनोळखी माणूस आणि अनोळखी चालक यांची भेट त्यांनी अंधाऱ्या वळणावरून उचलून ठरलेल्या, सर्वांच्या नजरेतील जागी आणली.

परभणीतील फाट्यांवर यासाठी मोठा खर्च नको. ग्रामपंचायतीने थांब्यापाशी एक बाक, एक दिवा आणि गावाच्या नावाची पाटी लावली, तरी चालकाला उभा असलेला माणूस कोठला, कोठे जाणारा याचा अंदाज येईल.

चालकाने थांबण्यापूर्वी काय पाहावे?

- वाहनाचा विमा पॅकेज प्रकारचा आहे ना, आणि त्याची मुदत संपलेली नाही ना?
- वाहन मालवाहू असेल तर कोणालाही फुकट बसवू नये. ट्रॅक्टर-ट्रॉलीत तर मुळीच नाही.
- आसनक्षमतेपेक्षा एकही माणूस अधिक घेऊ नये.
- कोणत्याही कारणाने पैसे स्वीकारू नयेत.
- दुचाकीवर जास्तीचे हेल्मेट ठेवावे. मागच्या चाकाचे आवरण काढू नये.
- ठिकाण वर्दळीचे आणि वेळ उजेडाची असावी. बसणाऱ्याला वर्दळीच्या ठिकाणीच उतरवावे.
- मद्यपान केलेल्या व्यक्तीस दुचाकीवर घेऊ नये.

लिफ्ट घेणाऱ्यानेही गाडीचा क्रमांक पाहून घरी फोन करावा आणि तो चालकाला ऐकू जाईल असा करावा. दागिने झाकावेत, रकमेची वाच्यता करू नये.

तेव्हा लिफ्ट द्यावी काय? या अटी पूर्ण होत असतील तर अवश्य द्यावी. जिथे शेवटची बस निघून गेलेली असते, तिथे रिकामी आसने घेऊन पुढे निघून जाणे हे सावधपणाचे लक्षण नेहमीच नसते. परंतु विम्याचा कागद न पाहता केलेला उपकार दोन कुटुंबांना महागात पडू शकतो: बसलेल्याच्या आणि बसविणाऱ्याच्या. तो कागद आजच घरातील कपाटातून काढून पाहावा. फाट्यावर हात दिसेल तेव्हा मग विचार करण्याची वेळ येणार नाही.